पहिलं पात्र नोम? बिनधास्त घे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्र रंगवायच्या खेळात नोम ही बुटक्या लोकांची एक जात. नोम म्हणजे टेबलावरचा विदूषक, या समजुतीतच नवे खेळाडू फसतात. दर वाक्याला विनोद केलास तर दुसऱ्या सत्रापर्यंत सगळे वैतागतील. नोमचं खरं भांडवल म्हणजे कुतूहल. बंद पेटी दिसली की ती उघडते कशी, हे त्याला कळायलाच हवं. तेवढं धरून खेळ, हसू आपोआप येतं.

खेळाच्या २०१४च्या नियमांत सुरुवातीला एवढंच बघ:

- इंटेलिजन्सला (बुद्धीच्या गुणांना) +२ मिळतात, म्हणून विझार्ड, म्हणजे बुद्धीवर चालणारा जादूगार घे. १५ गुण तिथे ठेवलेस की १७ होतात.
- जादूविरुद्ध इंटेलिजन्स, विज्डम (शहाणपण) किंवा करिश्माचा (व्यक्तिमत्त्वाची छाप) सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावासाठीचा फासा आला की दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा. सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि नवखे नेमका हाच विसरतात. कॅरेक्टर शीटवर लाल पेनाने लिहून ठेव.
- ग्रेटसोर्ड, लाँगबो नको. अंगकाठी लहान, त्यामुळे अशा जड शस्त्रांना दोन फाशांतला लहान आकडा घ्यावा लागतो. शॉर्टबोला ही अडचण नाही.
- वेग २५ फूट, ३० नाही.

पोटजात फॉरेस्ट घे. मायनर इल्युजन हा भास निर्माण करणारा मंत्र आयता मिळतो: पाच फुटांच्या घनात मावेल असं चित्र किंवा एखादा आवाज, मिनिटभर. मात्र चित्राला हात लागला की तो आरपार जातो आणि बिंग फुटतं. म्हणून लपायला खोटं पिंप करावं, चालायला खोटा पूल नाही! रॉक नोम या दुसऱ्या पोटजातीची चावीची खेळणी गोड असतात, पण प्रत्येकी तासभर आणि दहा सोन्याची नाणी खातात. ती नंतर बघू.