बेळगावजवळ एसीशिवाय गार राहणारं, पर्यावरणपूरक घर बांधायचंय. 30 × 40 फुटांचा प्लॉट, एकमजली. जांभा घ्यावा की एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे)? सोलर किती?

भिंतीआधी गच्चीचं ठरवा. एकमजली घरात मार्च ते मे उन्हाचा मोठा मारा छपरावरच बसतो. उघडा आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. मग भिंत जांभ्याची असो की ब्लॉकची, पंखा गरम वाराच देणार.

म्हणून स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर 2 इंची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी फोमची शीट), मग ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि शेवटी पांढऱ्या टाइलचे तुकडे, याच क्रमानं थर द्या. शीट वर असल्यानं वॉटरप्रूफिंगही उन्हापासून वाचतं. ढाळ 10 फुटांना किमान सव्वा इंच हवाच. पावसाळ्यात शेवाळ धरून पांढरा रंग काळवंडतो, तेव्हा उन्हाळ्याआधी गच्ची घासून धुवा.

स्लॅबमधलं सिमेंट वाचवायचं असेल तर फिलर स्लॅब करा, म्हणजे खालच्या भागातल्या काही काँक्रीटऐवजी कौलं भरा. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, काँक्रीट नाही. त्यामुळे सळयांच्या चौकोनात मंगळुरी कौलांची जोडी, मध्ये पोकळी ठेवून, बसवता येते. खानापूरकडे जुन्या घरांची उतरवलेली कौलं मिळाली तर न तडकलेली निवडून घ्या. ओतकामाआधी ती पाण्यात भिजवलीच पाहिजेत. कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी ओढतं, कडेचं काँक्रीट सच्छिद्र राहतं आणि पुढे सळई गंजते. चौकोनांचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या, सेंट्रिंगवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. भिंतीवर टेकणाऱ्या कडा भरीव ठेवा.

आता भिंत. प्लॉट खानापूर-जांबोटीकडे असेल तर जांभाच घ्या, जवळच मिळतो आणि भट्टी लागत नाही. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागून कठीण होतो. रचण्याआधी काही महिने उघड्यावर राहू द्या. तो पाणी पितो, म्हणून जोतं काळ्या दगडाचं, वर डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर), आणि वळचण भिंतीबाहेर अडीच-तीन फूट काढा. तिकडचा पाऊस तिरका येतो. चिकोडी-अथणीकडे बांधत असाल तर जांभा ट्रकनं एवढ्या लांब नेण्यात अर्थ नाही, तिथं 8 इंची एएसी ब्लॉक बरा. ब्लॉक पाण्यात बुडवू नका, फक्त ओलसर करा. कॉलमच्या सांध्यावर जाळी मारा, नाहीतर गिलाव्याला तिथंच चीर पडते.

जमीन काळी असेल तर पाया मुरमापर्यंत न्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. फरशी उचलली जाते. गवंडी वाहतूक वाचवायला हे हमखास करतात.

पश्चिमेला जिना, संडास, कोठार ठेवा, झोपायची खोली नको. दक्षिणेच्या 4 फुटी खिडकीला 2 फुटी सज्जा पुरतो: डिसेंबरात दुपारचा सूर्य इथं साधारण 51 अंशांवर असतो, म्हणून थंडीतलं ऊन आत येतं, मार्चअखेर दुपारी तो 74 अंशांच्या पुढे जातो आणि ऊन बाहेर राहतं. पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र सज्जा अडवत नाही, तिथं खिडकी लहान ठेवा किंवा बाहेरून पडदा लावा.

सोलर शेवटी. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण कर्नाटकच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेमुळे तुमचं हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल शून्यच येणार असेल, तर पॅनेलची किंमत लवकर वसूल होत नाही. तोच पैसा आधी एक्सपीएस शीटवर घाला, पाणी तापवायला सोलर हीटर घ्या, आणि पॅनेलसाठी फक्त पाइप व जागा आत्ता सोडून ठेवा.

पावसाचं पाणीही धरा. 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर 1,000 मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता 75,000 लिटरच्या आसपास हाती येतं. पहिल्या सरीचं सुमारे 200 लिटर पाणी टाकीत न जाता बाहेर जाईल असा वेगळा पाइप लावा, धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच निघून जाते.