'इन केस' म्हणजे 'झाल्यास' नव्हे

प्रश्न असा आहे: "इंग्रजीत केस म्हणजे खटला, केस म्हणजे पेटी, केस म्हणजे विभक्ती. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे? आणि 'इन केस' नेमकं कुठे वापरायचं?"

पहिला भाग पटकन उरकते, कारण माझं दुखणं दुसऱ्या भागात आहे.

तो एक शब्द नाही, दोन आहेत. एक लॅटिन 'कासुस'पासून आला. कासुस म्हणजे पडणं, त्यावरून जे वाट्याला येऊन पडलं ते, म्हणजे घटना. प्रसंग, खटला, रोगाची केस हे सगळं या घरचं. 'कॅज्युअल', 'ॲक्सिडेंट' आणि 'चान्स' ही त्याचीच भावंडं. विभक्तीसुद्धा इथलीच. ग्रीक वैयाकरणांना नामाचं कर्त्याचं रूप सरळ उभं वाटायचं आणि बाकीची रूपं त्यापासून ढळलेली, म्हणून 'पडणं'. दुसरा शब्द 'काप्सा', म्हणजे पेटी. सूटकेस, बुककेस, चष्म्याची केस या घरच्या. कॅप्सूल ही छोटी पेटी. कॅशसुद्धा तिथलीच, आधी पैशाची पेटी आणि मग पेटीतला पैसा. फ्रेंचमध्ये हे दोन शब्द आजही वेगळे लिहितात. इंग्रजीत ते एकाच स्पेलिंगखाली नांदायला लागले.

पासवर्ड टाकताना 'केस सेन्सिटिव्ह' (म्हणजे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात) दिसतं ना, तीही पेटीच. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवून छपाई व्हायची तेव्हा कॅपिटल अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत आणि बाकीचे खालच्या पेटीत असत. म्हणून अप्पर केस आणि लोअर केस.

आता 'इन केस'.

मी भाषांतरं करते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं सुरक्षा-पत्रक माझ्याकडे आलं. जनरेटरच्या खोलीचं दार मागून आपोआप लॉक व्हायचं. त्याबद्दल इंग्रजीत एकच ओळ होती: 'कीप द की विथ यू इन केस द डोअर लॉक्स.' मी लिहिलं, 'दार अचानक लॉक होऊ शकतं, म्हणून चावी जवळ ठेवा.' तिथल्या साहेबांनी प्रूफवर लाल रेघ मारून दुरुस्ती केली: 'दार लॉक झाल्यास चावी जवळ ठेवा.'

मी फोन केला. म्हटलं, साहेब, दार लॉक झाल्यावर चावी जवळ ठेवायची म्हणजे आणायची कुठून? त्यावर त्यांचं उत्तर: "मॅडम, इन केस म्हणजे झाल्यास. ऑफिसमध्ये सगळे तसंच लिहितात. तुमचं वाक्य लांबतंय." लांबत होतं हे खरं. तीन शब्दांनी.

पत्रक छापलं गेलं. पुढे एक नवा मुलगा चावी बाहेरच्या खिळ्याला टांगून आत गेला आणि दार लागलं. बराच वेळ आत धडका मारत होता. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्यात लिहिलंय, दार लॉक झाल्यास चावी जवळ ठेवा. दार लॉक झालं तेव्हा चावी बाहेर होती." मला त्याचं एक अक्षरही चुकीचं वाटत नाही. बोल मात्र मला लागला, कारण पत्रकाच्या तळाशी भाषांतरकार म्हणून माझं नाव होतं. लाल रेघेचं प्रूफ मी अजून ठेवलंय.

तर फरक असा. 'इफ'मध्ये आधी गोष्ट घडते, मग आपण काहीतरी करतो. 'इन केस'मध्ये आपण आधी करून ठेवतो, गोष्ट घडो वा न घडो. 'टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स' म्हणजे पाऊस येईल बियेल, छत्री असू दे. 'पाऊस आल्यास छत्री घ्या' असं लिहिलंत तर माणूस भिजल्यावर छत्रीसाठी घरी परत येणार. आपल्याकडे यासाठी 'न जाणो' हा इतका नेमका शब्द पडून आहे आणि कुणी वापरत नाही, याचा मला संताप येतो.

'इन केस ऑफ' मात्र वेगळं. 'इन केस ऑफ फायर' म्हणजे आग लागल्यास. साहेबांचं 'झाल्यास' इथे चपखल बसलं असतं. आणि मध्ये 'द' घुसला, 'इन द केस ऑफ', की अर्थ 'च्या बाबतीत'. या तिघांना एकच मराठी प्रत्यय चिकटवणारी माणसं सरसकट लाल पेन घेऊन बसलेली असतात.

खटल्याच्या केसमध्येही एक खोच आहे. 'ही हॅज नो केस' म्हणजे त्याच्यावर खटला नाही असं नव्हे. खटला चालू असतो, त्याच्या बाजूत दम नसतो. इथे केस म्हणजे बाजू, मांडणी. आणि डॉक्टरी लेखनात केस हा आजार असतो, माणूस नव्हे. माणूस तो पेशंट. बोलताना कुणी पाळत नाही ते सोडा.

आता प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. अमेरिकी इंग्रजीत 'इन केस' कधीकधी सरळ 'इफ'च्या अर्थानेही येतं, शब्दकोशांत तो अर्थ दिलेला आहे. म्हणजे साहेबांचा शब्दार्थ अगदीच हवेतला नव्हता. पण ते वाक्य दाराबद्दल होतं, आणि आत अडकणाऱ्याला शब्दकोश दाखवून दार उघडत नाही. तुमच्याकडे असं वाक्य आलं तर एवढंच विचारा, काम आधी करायचं की नंतर? आधी असेल तर 'म्हणून' लिहा, आणि कुणी 'झाल्यास' केलं तर ती दुरुस्ती त्यांच्याकडून सहीनिशी घ्या. मी आता घेते.