देवावर विश्वास आहे, मग एवढं थकायला का होतं?

प्रश्न: पास्टर काका, सलाम. मी मूळची नगरची, लग्नानंतर इंदूरला आले, सुदामानगरला राहतो. शाळेत नोकरी आहे, सासूबाई अंथरुणावर आहेत आणि चर्चमध्ये संडे स्कूल, महिला मंडळ, क्वायर तिन्ही माझ्याकडेच. हल्ली प्रार्थनेला बसले की एक शब्द सुचत नाही. उपासनेत सगळे गात असतात आणि माझ्या डोक्यात चालू असतं की घरी गेल्यावर वरणभात लावू की सरळ खिचडी टाकू. रात्री झोपून सकाळी उठले तरी थकलेलीच. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या विश्वास कमी पडतोय, तीन दिवस उपास धर. खरंच माझा विश्वास आटलाय का?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर: ताई, सलाम. पहिली गोष्ट, उपास अजिबात धरू नका. आधी पोटभर जेवा.

गंमत नाही करत. बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा, ईजबेल राणीची धमकी आली आणि पळत सुटला, रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला की देवा आता पुरे, माझा जीव घे, आणि तिथंच झोपला. आता आपल्यातला कोणी असता तर त्याला उठवून वचनं ऐकवली असती, विश्वास ठेव भाऊ वगैरे. देवदूतानं काय केलं? हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया जेवला आणि परत आडवा झाला! त्यावरही देवदूत रागावला नाही, दुसऱ्यांदा उठवून परत खाऊ घातलं, वर म्हणाला की पुढचा रस्ता तुला झेपणारा नाही. मग चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचला आणि देवाशी बोलणं झालं ते तिथं गेल्यावर. म्हणजे आधी भाकर, झोप, परत भाकर, आणि मग बोलणं.

आणि होरेबवर देव त्याला काय देतो तेही बघा, कारण हा भाग प्रवचनात कायम राहून जातो. एलीयाचं रडगाणं हेच की मी एकटाच उरलोय. देव सांगतो, अलीशाला अभिषेक कर, तो तुझ्या जागी येईल, आणि बाल नावाच्या परक्या दैवतापुढं गुडघे न टेकलेले सात हजार लोक आहेत इस्राएलात. तुमच्या मंडळीत सात हजार नसतील, पण क्वायर सांभाळणारी एक मुलगी नक्की असेल, फक्त तुम्ही आहात तोवर तिला कोणी विचारणार नाही. आमचा चर्चवाल्यांचा हा जुनाच रोग आहे, जी बाई नाही म्हणत नाही तिच्याच गळ्यात चौथं काम घालायचं आणि वर "प्रभूची सेवा" म्हणायचं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा तेव्हा त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, तोंडावर सांगितलं की हे बरं नाही, तू पण झिजशील आणि लोकही. मोशेनं ऐकलं आणि कामं वाटून टाकली. तर या महिन्यात पाळकांना सांगा की तिन्हीतलं एकच ठेवते. कारण द्यायची गरज नाही. आणि सासूबाईंजवळ आठवड्यातून एक संध्याकाळ मिस्टरांनी नाहीतर नणंदेनं बसायचं, हे घरात तुम्हालाच बोलावं लागेल, आपोआप नाही होणार.

प्रार्थना सुचत नसेल तर स्वतःची बनवू नका, स्तोत्र 88 वाचा. एक-दोन ओळी नाही, अख्खं स्तोत्र तक्रारच आहे आणि शेवटही अंधारातच होतो, तरीसुद्धा ते बायबलमध्ये आहे. तेवढं वाचलं आणि आमेन म्हटलं तरी त्या दिवसाची प्रार्थना झाली.

आणि हो, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह तपासून घ्या. झोपूनही थकवा जात नाही त्याचं कारण पुष्कळदा रक्तात सापडतं, आणि आपण ते बिचाऱ्या आत्म्यात शोधत बसतो.

प्रश्न: मी बऱ्हाणपूरचा, पीएससीच्या तयारीसाठी इंदूरला भंवरकुआंत रूम घेऊन राहतो. अंगमेहनत काहीच नाही तरी आतून थकलोय. पुस्तक उघडलं की मोबाईल, बायबल उघडलं तरी मोबाईल. दुपार तर संपतच नाही. घरचे म्हणतात थोडा आराम कर. करू का?
(एक विद्यार्थी)

उत्तर: नको रे भिया, तुझा आराम आधीच जास्त झालाय. वरच्या ताईंना दिलेलं औषध तुला चालणार नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा एक संन्यासी होता, त्यानं तुझी दुपार लिहून ठेवली आहे. खोलीत बसलेल्या साधूला सूर्य हललाच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, तो सारखा खिडकीतून बघतो की जेवायची वेळ, म्हणजे तिथले तीन, किती लांब आहे आणि कोणी भाऊ भेटायला येतोय का. मग वाटतं ही जागाच चुकली, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं. तुझ्या हातात खिडकीऐवजी मोबाईल आहे एवढंच. त्या लोकांचा उपाय होता की खोली सोडायची नाही, हातानं काहीतरी काम करायचं आणि मधेमधे स्तोत्राची एखादी ओळ मोठ्यानं म्हणायची. तू दुपारी फोन रूम पार्टनरकडे दे, एक टॉपिक हातानं लिहून काढ, मग स्वतःचे कपडे धू किंवा भाजी चिर, आणि परत बस. एकाच दिवसात फरक पडेल असं नाही.

पण बाळा, एक गोष्ट स्पष्ट विचारतो. खाणं सुटलंय का, दोन आठवड्यांपासून कशातच मन लागत नाही, जगून काय करायचं असले विचार येतात का? तसं असेल तर हा आळस नाही, मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेव आणि डॉक्टरला दाखव. मानसिक त्रासासाठी सरकारचा टेली मानस हेल्पलाइन नंबर 14416 चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. एलीयानंही मरण मागितलं होतं, देवानं त्याला नापास केलं नाही. आणि रविवारी उपासना संपली की लगेच रूमवर पळू नकोस, चहाला थांब, कोणाशी तरी बोल.