कॅल्शियम अडवणारं औषध आणि हाडांची धास्ती

"कॅल्शियम अडवणारं औषध घेतलं तर हाडं ठिसूळ होणार नाहीत का?" हृदयरुग्णांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकते, की एका काकूंची गोष्ट सांगायलाच हवी.

साठी उलटलेल्या काकूंना छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी डिल्टियाझेम या कॅल्शियम अडवणाऱ्या औषधाची दिवसभर हळूहळू विरघळणारी कॅप्सूल दिली होती. काकू ती मनानेच दिवसाआड घेत. दुखणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मी समजावलं: हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींत कॅल्शियम शिरतं, ते हे औषध कमी करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा ताण उतरतो. हाडांतलं कॅल्शियम ते ओढून घेत नाही. काकूंनी मान डोलावली. पुढच्या भेटीत पाहते तर कॅप्सूल उरलेल्याच!

मग मी माहिती देणं थांबवलं. विचारलं, "हाड मोडून कुणी अंथरुणाला खिळलेलं पाहिलंय तुम्ही?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "आई. खुबा मोडला, ती पुन्हा उठलीच नाही. तिचं सगळं मी केलं. माझं कोण करणार?"

त्या रडल्या. मी रडू दिलं. शंका माहितीने फिटते, भीती मात्र आधी कुणीतरी ऐकून घ्यावी लागते, यावर माझा पक्का विश्वास आहे.

शांत झाल्यावर मी म्हटलं, "काकू, छातीत दुखतं म्हणून तुम्ही चालणं सोडलंत. हाडांना तर चालणंच हवं."

त्या एकदम सावरून बसल्या. "म्हणजे कॅप्सूल घेतली तर मला चालता येईल?"

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी जपून ठेवले आहेत. त्या दिवसापासून काकूंनी एकही कॅप्सूल चुकवली नाही.

तुम्हीही हे औषध घेत असाल तर ते अचानक बंद करू नका, छातीतलं दुखणं उसळू शकतं. अशी कॅप्सूल चावू किंवा कुटू नका, सगळं औषध एकदम अंगात जातं. राहिलेल्या डोसची भरपाई म्हणून दोन एकत्र घेऊ नका. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध), डिगॉक्सिन (हृदयाचं औषध), सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बीटा ब्लॉकरसोबत नाडी फारच मंदावू शकते. ग्रेपफ्रूटचा रस टाळा. घोट्यांना सूज आली तर कळवा, डोस बदलता येतो. चक्कर, भोवळ किंवा नाडी ५० च्या खाली गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीतलं दुखणं विश्रांतीनेही थांबत नसेल तर थेट रुग्णालयात जा. आणि हाडांची काळजी वाटत असेल, तर हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. काकूंनीही विचारलं.