शादाब खान नक्की बॉलर की ऑलराउंडर?

प्रश्न: पाकिस्तानचा शादाब खान मुळात लेगस्पिनर ना, मग सगळे त्याला ऑलराउंडर का म्हणतात?

उत्तर: आला तो लेगस्पिनर म्हणूनच. मियांवालीचा पोरगा, मार्च २०१७ मध्ये ब्रिजटाऊनला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच टी-ट्वेंटीत ४ ओव्हरमध्ये ७ रन देऊन ३ विकेट, वय फक्त १८! त्याच वर्षी चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलला युवराजला एलबीडब्ल्यू केलं, अंपायरने आधी नॉटआऊट दिलं होतं पण रिव्ह्यूत गेला, आपल्याला ते अजून खुपतं. बॅटिंगचं म्हणाल तर २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्डकप आठवा, सिडनीला साऊथ आफ्रिकेविरुद्ध २२ बॉलमध्ये ५२ आणि वर २ विकेट, मला तर ती त्याची सगळ्यात भारी मॅच वाटते. शिवाय फील्डिंग जबरदस्त.