कात्रणाची खालची कडा

सह्याद्रीच्या कुशीतल्या एका गावातून 6 मे रोजी एका शेतकरी वाचकाचं पत्र आलं. शेजारच्या गटात दगडखाणीला पर्यावरण मंजुरी मिळाली, मार्चपासून सुरुंग सुरू आहेत, विहिरीला गढूळ पाणी येतंय. प्रादेशिक योजनेत तो गट हरित विभागात आहे, ग्रामसभेचा विरोधाचा ठरावही आहे. मग मंजुरी रद्द कशी करायची? अशी पत्रं मला महिन्याला दोन-तीन तरी येतात.

खाण चांगली की वाईट, यात मी शिरत नाही. तुमचं प्रकरण एकाच गोष्टीवर ठरणार आहे: मंजुरीची खबर कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला कोणत्या दिवशी पोहोचली?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 च्या कलम 16 प्रमाणे मंजुरीविरुद्ध अपील 30 दिवसांत करायचं असतं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळतात. त्यानंतरचा विलंब माफ करण्याचा अधिकारच न्यायाधिकरणाला नाही, मग तुमची बाजू कितीही खरी असो.

माहिती अधिकारात तुम्हाला प्रत मिळाली 19 फेब्रुवारीला. तिथून 90 दिवस मोजले तर 20 मे हा शेवटचा दिवस. पण खाणवाला मंजुरी मिळाल्याची 14 जानेवारीची वृत्तपत्रातली जाहिरात पुढे करणार, आणि तिथून मोजलं तर 14 एप्रिललाच दार बंद झालं. प्रत हातात आल्यावर अडीच महिने तुम्ही काय केलंत? तहसीलदारांना दोन निवेदनं, जिल्हाधिकाऱ्यांना एक. निवेदनाने मुदत थांबत नाही, हे सांगून माझा घसा बसला. पोचपावतीवर गोल शिक्का पडला की माणसाला वाटतं काम मार्गी लागलं, आणि तेवढ्यात अपिलाचे दिवस सरून जातात.

आता ती जाहिरात. खबर ज्या मार्गाने सर्वांत आधी पूर्णपणे पोहोचली, त्या दिवसापासून मुदत मोजतात. यातला ‘पूर्णपणे’ हा शब्द तुमच्या कामाचा. पर्यावरण मंजुरीचे नियम घालणाऱ्या 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार जाहिरातीत दोन गोष्टी हव्यात: मंजुरी मिळाली हे, आणि ती कोणत्या संकेतस्थळावर वाचता येईल हे. तुम्ही मोबाइलवर पाठवलेल्या कात्रणात गट नंबर दिसतो, मंजुरीची ओळ दिसते, पण खालची कडा तुमच्या अंगठ्याखाली गेली आहे. संकेतस्थळाची ओळ तिथे आहे की नाही, यावर सगळं आहे. ती नसेल, तर खबर अपुरी होती असं ठामपणे मांडता येईल. असेल, तर अवघड आहे. उद्याच तालुक्याच्या वाचनालयात जाऊन मूळ अंक काढा. किती वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची हे मंजुरीपत्राच्या अटींतही बहुधा लिहिलेलं असतं, तेही तपासा.

ग्रामपंचायतीकडे आलेली मंजुरीची प्रत 30 दिवस फलकावर लावावी लागते. ती लावलीच नाही, असं तुम्ही म्हणता. जानेवारीपासूनच्या आवक नोंदवहीच्या पानांची साक्षांकित नक्कल घ्या. मात्र जाहिरात पक्की निघाली तर एवढ्याने वाचाल, असं मी म्हणणार नाही.

प्रादेशिक योजना आणि ठराव यांवर तुमची फार भिस्त दिसते. योजना 1966 च्या नगररचना कायद्याखाली होते, आणि न्यायाधिकरण ज्या सात कायद्यांच्या प्रश्नांवर निवाडा करतं त्यांत तो कायदा नाही. जमीन कशासाठी वापरायची ते एक खातं ठरवतं, पर्यावरणाचं दुसरं. दोघांचे नकाशे एका टेबलावर येत नाहीत आणि भोगतो त्या गटाच्या बांधावरचा शेतकरी. याची मला मनापासून चीड आहे. पण अपिलात हरित विभागाचा मुद्दा एकटा पुढे करू नका. त्यासाठी वेगळा रस्ता, कदाचित उच्च न्यायालयाचा, पाहावा लागेल.

पश्चिम घाटाचा मुद्दा मात्र सोडू नका. घाटातली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवणारी अधिसूचना ‘अजून मसुदाच आहे’ हे खाणवाल्याचं म्हणणं अर्धंच. पहिला मसुदा 10 मार्च 2014 चा, सहावा 31 जुलै 2024 चा. पण त्याही आधी, 13 नोव्हेंबर 2013 ला, केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 5 खाली निर्देश काढून संवेदनशील म्हणून यादी केलेल्या गावांत नव्या खाणींना मनाई केली. ती मनाई मसुदा अंतिम होण्यावर अवलंबून नाही. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढचं बोलत नाही. असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा हाच.

विहिरीच्या भरपाईसाठी कलम 15 मध्ये पाच वर्षं आहेत, ते दार उघडं आहे. पाण्याचे नमुने आत्ताच तपासून घ्या.

अपील पुण्याच्या खंडपीठात, विलंबमाफीच्या अर्जासह, 18 मेच्या आत. भरपाई मागितली नाही तर फी हजार रुपये. अर्जात प्रत्येक आठवड्याचा हिशेब द्या; ‘निवेदनं दिली होती’ एवढ्यावर भागणार नाही. आणि कात्रण चारही कडांसकट, मंजुरीपत्राच्या सगळ्या पानांसोबत, याच आठवड्यात वकिलाच्या हातात द्या.