चार महिन्यांचं बीगल सारखं भुंकतं, ओरडलं तर आणखी चढतं. फ्लॅटमध्ये त्याला शांत राहायला कसं शिकवू?

आमच्याकडेही बीगलच आहे. आधी एक मनाशी पक्कं करा, मुकं बीगल मिळत नाही. ही सशांच्या शिकारीची जात. वास लागला की गळा काढायचा, म्हणजे कुत्री कुठे आहेत ते मागच्या शिकाऱ्याला कळतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गुणावर निवडलेलं हे जनावर. भुंकणं बंद होणार नाही, थांबायचं कधी ते मात्र नक्की शिकतं.

पहिल्यांदा झोप बघा. या वयात दिवसरात्र मिळून 18 तासांच्या आसपास झोप लागते. संध्याकाळी सोफ्यावरून उड्या, पँटचा काठ धरून ओढणं, वर भुंकणं, हे सगळं बहुतेक वेळा झोप अनावर झाल्याचं लक्षण. आपण मात्र ‘दमव त्याला’ म्हणून बॉल फेकत बसतो आणि ते आणखी पेटतं. त्यापेक्षा टीव्ही बंद, दिवे मंद, चघळायला काहीतरी आणि गादी.

आता हट्टाचं भुंकणं. जेवणाचं भांडं हातात घेतलं की सुरू होतं ना? भांडं परत ओट्यावर ठेवा. बोलू नका, डोळेही भिडवू नका. रागावणं हेही त्याच्या लेखी लक्ष देणंच. श्वास घ्यायला दोन सेकंद थांबलं की लगेच ‘छान’ म्हणा आणि भांडं खाली. मग दोनाचे पाच, पाचाचे दहा. सुरुवातीला भुंकणं वाढेल, कारण आजवर चाललेली युक्ती ते जोर लावून बघणार. नेमकं तेव्हाच आजोबांनी ‘दे गं त्याला एक बिस्किट’ केलं, की सगळी मेहनत पाण्यात.

दाराच्या बेलसाठी बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा आणि भुंकायच्या आत उकडलेल्या चिकनचा तुकडा गादीवर टाका. आवाज हळूहळू वाढवा. काही दिवसांनी बेल वाजली की ते स्वतःच गादीकडे बघेल.

फिरायला नेलं की हुंगू द्या, ओढत किलोमीटर मोजू नका. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर आधी व्हेटना विचारा. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाण्याचे दाणे लपवा. नाकाच्या कामाने बीगल पळण्यापेक्षा जास्त दमतं.

वर्तमानपत्राची सुरळी, शॉक कॉलर यांच्या वाटेला जाऊ नका. घाबरून गप्प बसलेलं पिल्लू शांत झालेलं नसतं, आणि पुढे चावूही शकतं. फक्त एकटं असतानाच रडत असेल तर वरचा दुर्लक्षाचा उपाय करू नका. ती भीती आहे, मिनिटा-मिनिटाने एकटं राहायची सवय लावा.

सोसायटीचं म्हणाल, तर कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांमध्ये आहे. पण तो कागद सेक्रेटरींना दाखवण्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी कधी आडव्या होतात ते विचारून घ्या आणि टॉवेलचा खेळ त्याच वेळेला ठेवा.